बावखलाची कितवी पायरी

टीचरला पाठवलेलं पत्र दीड-दोन महिन्यांनी परत यायचं. पत्ता चुकला म्हणून नव्हे. टांझानियातल्या त्या डोंगराळ गावात पत्र अगदी व्यवस्थित पोचायचं, टीचर ते वाचायची, तांबड्या शाईने तपासायची, खाली दहापैकी मार्क द्यायची आणि परत टपालात टाकायची. सोबत तिचं स्वतःचं पत्र असायचं, पण ते मागाहून. आधी माझा निकाल. मी तेव्हा दोन मुलांची आई होते, शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता, पोरं मला टरकून असायची. आणि पोस्टमनची सायकल वाडीच्या तोंडाशी वाजली की टरकायची पाळी माझी.

एक खुलासा आधीच करते. तोंडावर मी तिला ‘अहो टीचर’ म्हणायचे, ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पण ती ज्या वयात गेली ते वय मी केव्हाच ओलांडलंय. त्यामुळे इथे ‘ती’ म्हणते. ऐकायला ती नाही, हे एक बरं आहे.

शुद्धलेखनाशी तिचं फारसं भांडण नव्हतं. तिची लाल शाई वेगळ्याच गोष्टींवर खर्च व्हायची. मला त्या काळी लेखिका व्हायचं होतं. म्हणजे मी झालेलीच आहे आणि जगाला अजून कळलेलं नाही, अशी माझी समजूत होती. मी लिहायचे, ‘वसुंधरेने हिरवा शालू परिधान केला आहे.’ समासात प्रश्न यायचा, ‘कोणी? कधी? तू पाहिलास?’ मी लिहायचे, ‘यंदा पाऊस मनसोक्त कोसळला.’ खाली लाल रेघ आणि शेरा, ‘मनसोक्त मोजता येत नाही. बावखलाची कितवी पायरी बुडाली?’ एकदा मी लिहिलं, ‘आपल्या आठवणीने नेत्र पाणावतात.’ तिने विचारलं, ‘कोणत्या वारी?’ त्या पत्राला चार मार्क होते. त्यातले दोन अक्षराला.

बावखल म्हणजे आमच्याकडे वसईत वाडीत असतं ते तळं. विहिरीहून मोठं, तलावाहून लहान. केळी, पानवेली, फुलझाडं सगळी त्याच्या जिवावर. आमची वाडी आणि टीचरची वाडी शेजारी, मधे फक्त एक मेंदीचं कुंपण. आम्ही हिंदू, ते ख्रिस्ती. आमच्या गणपतीचे मोदक तिकडे आणि त्यांच्या नाताळचे तळलेले गोड फुगे इकडे, हे कुंपणाच्या एकाच भगदाडातून चालायचं. तिच्या बावखलाला एका अंगाला दगडी पायऱ्या होत्या, अकरा. खालून मोजायच्या. मे महिन्यात पाणी पहिलीवर असायचं आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास दहावी-अकरावी गिळून कुंपणापर्यंत यायचं.

टीचर मिठागराच्या कडेच्या गावातली. लहानपणी आईबरोबर गोड पाण्यासाठी हंडा घेऊन तासभर चालायची. लग्न होऊन आली त्या दिवशी संध्याकाळी सगळे नवरीला शोधत होते आणि नवरी पाचव्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली होती. सासू ओरडायला आली तर म्हणाली, “आई, थोडा वेळ. दारात पानी आहे, मला पटू तर द्या.” शाळेत ती ‘पाणी’ म्हणायची, घरात ‘पानी’. पुढे तिने शाळेच्या पोरांना दर पावसाळ्यात रांगेने त्या पायऱ्यांवर आणलं, पायऱ्या मोजायला लावल्या आणि भिंतीवर तक्ता टांगला. पोरांनी काय पाहिलं ते पोरांनी लिहायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही. पाहिलेलं. तिची सारी शिक्षणपद्धती एवढीच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फादरांनी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सांगितलं की आफ्रिकेतल्या एका मिशन शाळेला शिक्षक हवेत, संसारी माणसं चालतील. आमच्याकडची माणसं तेव्हा आखातात जायची, कमवायला. हे दोघं निघाले शिकवायला. सर, म्हणजे तिचे यजमान, गणित आणि विज्ञान शिकवायचे, मितभाषी माणूस, हसले तरी आवाज नाही. मुलगी सुझी आठ वर्षांची, मुलगा नेल्सन पाच. निरोपाच्या दिवशी गावाने त्यांना सुकेळी दिली, उन्हात वाळवलेली केळी, पानात बांधलेली, गोणीभर. टीचरने ती शाळेत वाटून टाकली, पोरागणिक एक. मला म्हणाली, “कुसुम, तुला लिहिता येतं असं तुला वाटतं. मग लिहीत जा. दर आठवड्याला बावखलावर जा, पायरी मोज, मला कळव. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.” मी डोळ्यांना पदर लावला. ती म्हणाली, “पदर कोरडा आहे.”

तिची स्वतःची पत्रं तिच्यासारखीच असायची. निळं एरोग्राम, तीन घड्यांचं, कोपरासुद्धा रिकामा नाही. ‘शाळेला भिंती चार आहेत, छप्पर अडीच खोल्यांवर. मुलं एकशे दहा, पाट्या चाळीस.’ ‘नेल्सन आजपासून स्वाहिलीत भांडू लागला. म्हणजे रुळला.’ ‘पाणी दोन टेकड्यांपलीकडे. मुली पहाटे आणायला जातात म्हणून पहिल्या तासाला वर्ग अर्धा. मी त्यांच्याबरोबर जाऊन आले. एक तास वीस मिनिटं, येताना. पुन्हा हंडा घेतला डोक्यावर, कुसुम. मान विसरली नव्हती.’ आणि एकदा, ‘मुलांचं मराठी टिकावं म्हणून रोज संध्याकाळी तुझी पत्रं वाचून घेते. सुझीला पायऱ्या पाठ आहेत. कसं लिहू नये, तेही त्यातूनच शिकवता येतं.’ हे वाचून आमचे हे दिवसभर हसत होते. मी रात्रीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. मग त्यांनाच माझं पुढचं पत्र तपासायला दिलं, तर म्हणाले, “शालू काढ.”

तिसऱ्या की चौथ्या वर्षी सरांची एक ओळ आली, तिच्या पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात. शाळेच्या उतारावर पावसाचं पाणी साठवायला तळं खणायचं आहे, बावखलासारखं. पायऱ्यांची उंची-रुंदी मोजून पाठवाल का? मी एवढी महत्त्वाची व्यक्ती झाले म्हणून नवं पातळ नेसून गेले. मे महिना, पाणी तळाशी. शाळेची फूटपट्टी घेऊन अकरावीपासून खाली मोजत आले. पहिल्या पायरीवर शेवाळ होतं. पट्टी गेली, चप्पल गेली आणि मागोमाग मी. छातीइतक्या पाण्यात उभी राहून मी मदतीसाठी ओरडले, तर टीचरचा धाकटा दीर बस्त्याव केळीतून धावत आला आणि काठावर बसून आधी पोटभर हसला. “काय गं बाय, मासे मोजते का?” त्या ओल्या पातळाने मी घरी आले आणि आकडे लिहिले. उंची नऊ इंच, रुंदी चौदा, सर्वांत खालची अकरा. पत्र परत आलं त्यावर पहिल्यांदा सात मार्क होते. शेरा, ‘पडलीस ते का नाही लिहिलंस? बस्त्यावने कळवलं.’ बस्त्यावने आयुष्यात तिकडे लिहिलेलं ते बहुधा एकच पत्र.

हे सगळं मी एवढं खेळीमेळीने सांगतेय, त्याला कारण आहे. पुढचं सांगायला जीभ जड होते, म्हणून जरा रेंगाळले.

त्यानंतरच्या जानेवारीत एक एरोग्राम आलं. पातळसर वाटलं. उघडलं तर अर्धं कोरं. ‘नेल्सन सोमवारी गेला. मलेरिया डोक्यात गेला. तीन दिवस. शुद्धीवर होता तेव्हा पाणी मागत होता, दिलं. शाळेमागे पुरलं. सर त्या दिवसापासून तळं खणतायत, एकटेच, पोरं मागून जातात मदतीला. सुझी बोलत नाही. बावखलाचं पाणी आता कितवीवर उतरलं?’

पत्र हातात घेऊन मी कुंपणाच्या भगदाडातून तिच्या वाडीत गेले. का गेले, ठाऊक नाही. कदाचित पायरी मोजायला. तिथे तीन डंपर उभे होते. चौथा बावखलात मागचा भाग उचलून माती ओतत होता. पाणी बाजूने वर चढून केळीत शिरलं होतं. पायऱ्यांपैकी वरच्या दोन दिसत होत्या. बस्त्याव मुंडाशाने तोंड पुसत उभा होता. त्या सुमारास आमच्याकडे सगळीकडे तेच चाललं होतं, विरारपासून खाली वसईपर्यंत, आज एक वाडी, उद्या दुसरी. सरांनी जाताना त्याला मुखत्यारपत्र करून दिलं होतं, ते त्याने वाडी बिल्डरला द्यायला वापरलं. मी त्याला एरोग्राम वाचून दाखवलं. तो खाली बसला. म्हणाला, “वैनीला आता ह्यातलं काय पन लिवू नको, बाय. पोरगा गेलाय तिचा. दादाला मी सांगतो, सवडीनं.”

त्याची सवड कधी झाली नाही. मी घरी येऊन लिहिलं, ‘सहावीवर.’

ते खोटं लिहिणं मला जड गेलं, असं म्हणायला आवडलं असतं. पण मी चक्क हलकी झाले. चार ओळी सांत्वनाच्या लिहिल्या असत्या तर तिने त्या लाल केल्या असत्या. ‘सहावीवर’ला ती काही करू शकत नव्हती.

मग पावसाळा आला. तिने विचारलं, आठवी बुडाली का? आता काय उत्तर देणार? मी बुडवली. पुढच्या वेळी तिने विचारलं, शेवाळ काढलं का कोणी? मी काढवलं. आणि एकदा नसलेलं तळं सांभाळायला घेतलं की त्याची निगा राखावी लागते. मी माझ्या ओट्यावर बसून ते रोज पाहू लागले. तिसऱ्या पायरीवर एक खंड्या आणून बसवला. त्याला मासा पकडताना दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा पकडू दिला. बस्त्यावचं वासरू चौथीवरून घसरवलं आणि दोराने वर काढलं. दोराचे वळ त्याच्या पोटावर किती दिवस राहिले, तेही लिहिलं. प्रत्यक्षात तिथे चार मजली इमारत उभी राहिली होती आणि बावखलाच्या जागी फरशी घालून पार्किंग केलं होतं.

आणि पत्र परत आलं, त्यावर दहापैकी दहा. आयुष्यात पहिल्यांदा. शेजारी लिहिलं होतं, ‘आता पाहायला शिकलीस.’

मी तो कागद ह्यांना दाखवला, शाळेत दाखवला, देवघरात ठेवला. अहो, खरंच ठेवला! मूर्खपणाला वय नसतं, पण माझा चाळिशीत अगदी भरात होता. आमचे हे म्हणाले, “कुसुम, कधीतरी सांगावं लागेल.” मी म्हणाले, “ती कुठे येतेय?” आणि खरंच ती येत नव्हती. रजा मिळाली तेव्हा तिने लिहिलं होतं, ‘पोराला इथे एकटं टाकून कशी येऊ?’ सरांचं तळं पुरं झालं, पोरी पहिल्या तासाला बसू लागल्या, सुझी बोलू लागली, पुढे शिकून तिथेच शिकवू लागली. एकशे दहा मुलांची तीनशे झाली. तिकडच्या तळ्याच्या पायऱ्या ती मला कळवायची, इकडच्या मी तिला. तिच्या पायऱ्या दगडाच्या होत्या. असे सात पावसाळे गेले.

सातव्यानंतर सर गेले. हृदयाचा झटका, फळ्यासमोर. तिने लिहिलं, ‘समीकरण अर्धं राहिलं. मुलांनी पुसू दिलं नाही.’ शाळेने तिला तळ्याकाठची एक खोली देऊ केली होती, मरेपर्यंत राहा म्हणून. तिने पुढे लिहिलं, ‘नको म्हणाले. इथे दोघं आहेत, त्यांना एकमेकांची सोबत आहे. सुझी मोठी झाली. मला आता पाचवीवर बसायचं आहे. डिसेंबरात येते.’

त्या संध्याकाळी मी खरं पत्र लिहिलं. एका बैठकीत, एक पान. शालू नाही, खंड्या नाही. बुजवलं, कधी, कोणी, आणि मी काय केलं. पाकीट बंद करून कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी वसुबारस होती. मग फराळ, मग नणंदा, मग भाऊबीज. रोज ते पाकीट दिसायचं आणि रोज मी त्याच्यावरची धूळ पुसून परत ठेवायचे. धूळ पुसायला मला वेळ होता. अकराव्या दिवशी टाकलं. तीन आठवड्यांनी ते तिथे पोचलं तेव्हा टीचर दोन दिवसांपूर्वी निघालेली होती. ते सुझीने वाचलं.

विमानतळावरून आम्ही भाड्याच्या सुमोतून आलो. ती वाळली होती, केस पांढरे, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वाटेत हायवेवर ती एकेक गाव ओळखत होती आणि चुकत होती. मी वसईच्या फाट्यापर्यंत तिला हवापाणी विचारत राहिले. मग वाडीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि ती उतरली, एकदम ताठ, चष्मा सारखा करत.

नाताळ जवळ आलेला. इमारतीच्या पोरांनी पार्किंगमध्ये नाताळगोठा केला होता, गवत पेरून, कापसाची मेंढरं लावून. गोठ्यात तळं दाखवायला आमच्याकडे जमिनीत आरसा ठेवतात आणि त्यावर प्लॅस्टिकची बदकं. तसा ठेवला होता. टीचरने चौफेर पाहिलं. वर चार मजले पाहिले. मग त्या आरशापाशी येऊन उभी राहिली.

“इथेच होतं ना?”

“हो.”

“कधीपासून?”

मी सांगितलं. तिने बोटांवर मोजलं. “नेल्सनच्या वेळेपासून.”

“हो.”

“खंड्या?”

“नव्हता.”

“वासरू?”

“बस्त्यावने गुरं विकली होती, टीचर.”

ती खाली वाकली. आरशात तिचा चेहरा दिसत होता, बदकांच्या मधे. म्हणाली, “मार्क परत दे.”

मला वाटलं, दुःखाने काहीतरी बोलतेय. नाही. डब्यात माझी सात वर्षांची पत्रं होती. जी तिला जास्त आवडली होती ती तिने परत पाठवली नव्हती, जवळ ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली, डबा उघडला, लाल पेन काढलं आणि एकेका पत्रावरचे मार्क खोडून तिथे शून्य घालू लागली. दहा खोडून शून्य, नऊ खोडून शून्य. घाईने नव्हे. प्रत्येक पत्र पुन्हा पूर्ण वाचून. मी चहा ठेवला तो निवला. दोन दिवस लागले. मी देवघरातला कागद स्वतः आणून दिला, त्यावरचंही खोडलं. शेवटच्या पत्रानंतर तिने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, “तिकडे मला पाण्याकाठी खोली होती, कुसुम.” एवढंच. हे ती पुन्हा कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परत जाणं झालं नाही. ती खोली तिच्याच सांगण्यावरून नव्या शिक्षिकेला दिली होती, तिकडचे कागद संपले होते आणि तिची मूत्रपिंडं थकत चालली होती. बस्त्यावने पहिल्या मजल्यावरची एक खोली-स्वयंपाकघर तिला दिलं. बरोबर पार्किंगच्या वर. तो तिच्यासमोर उभा राहायचा नाही, जिन्यात तिची चाहूल लागली की मागच्या दाराने जायचा. ती त्याला काही म्हणाली नाही. एकदा फक्त म्हणाली, “त्याने माती टाकली. पाणी तू टाकलंस.”

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मग एका गुरुवारी निरोप आला, शाळा सुटल्यावर ये. गेले. म्हणाली, “येताना काय पाहिलंस? तीन गोष्टी.” मी म्हणाले, “गर्दी होती…” ती म्हणाली, “परत जा. पाहून ये.” पन्नाशीला आलेली मी, जिना उतरून नाक्यापर्यंत गेले आणि पाहून आले. सातिवलीच्या कारखान्यातून सुटलेल्या पाच बायका, चौघींच्या डब्याच्या पिशव्या एकाच साडीच्या दुकानाच्या. केळीवाल्याच्या तराजूत एका बाजूला वजनाऐवजी दगड. देवळाच्या घड्याळात पावणेचार, माझ्या घड्याळात पाच वाजून दहा. तिने मान हलवली. त्यानंतर दर गुरुवार.

इमारतीतली पोरं हळूहळू तिच्याकडे येऊ लागली, कोकणातली, देशावरची, इंग्रजी शाळांत जाणारी. तिने त्यांना काठी घेऊन खाली नेलं. पार्किंगच्या कोपऱ्यात जमिनीखालची पाण्याची टाकी होती, टँकर त्यात ओतायचा. झाकण उघडून काठी बुडवायची, ओली किती झाली ते मोजायचं आणि तिच्या दारावरच्या तक्त्यात लिहायचं. सोसायटीच्या सेक्रेटरीने तक्रार केली, तर म्हणाली, “तुमचा टँकरवाला एक वीत पाणी कमी टाकतो. तक्ता बघा.” पुढच्या सभेला सेक्रेटरीनेच तक्ता दारावरून काढून नेला होता, पुराव्याला. ती खूश झाली, असं मी लिहिणार होते. तिने त्या दिवशी दोनदा चहा घेतला, एवढंच मी पाहिलं.

दुसऱ्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. अंगावर सूज, बोलणं तुटक. फादर येऊन तेल लावून प्रार्थना करून गेले. मी उशाशी बसले होते, खिडकी उघडी होती, खालून कोणीतरी गाडी काढत होतं. तिने डोळे मिटलेलेच ठेवले. घरातल्या आवाजात, हलकेच विचारलं,

“पानी कितवीवर आलं गं?”

तुम्हाला सांगते, ‘आठवीवर’ माझ्या ओठांवर आलं होतं. जन्मभराची सवय. सोपं होतं ते, आणि कोणीही मला दोष दिला नसता. तिचा हात माझ्या हातात होता.

मी म्हणाले, “टीचर, बावखल नाही. बुजवलंय. वर गाड्या उभ्या असतात.”

ती म्हणाली, “किती?”

मी उठून खिडकीतून पाहिलं. “सहा. आणि एक स्कूटर. तिचं मागचं चाक बसलंय.”

“हं,” ती म्हणाली. “सुझीला तसंच लिही.”

तिसऱ्या दिवशी गेली. देवळामागच्या जमिनीत तिला ठेवलं, सासूशेजारी. नवरा आणि मुलगा समुद्रापार. बस्त्याव शेवटपर्यंत लांब, फाटकाशी उभा राहिला आणि सगळे गेल्यावर आत आला. त्याने काय केलं ते मी पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही.

सुझीला मी लिहिलं. गाड्या सहा, स्कूटर एक. सात वर्षांचं खोटं तिने आधीच वाचलं होतं, तेही पुन्हा लिहिलं. उत्तराची आशा नव्हती. पाच महिन्यांनी माझं पत्र परत आलं. समासात, हिरव्या शाईत, ‘खिडकी कोणत्या दिशेची? तिचा कोणता हात तुमच्या हातात होता?’ मी लिहिलं, पश्चिमेची. डावा.

तेव्हापासून आमचं चालू आहे. सुझीचं मराठी मोठं गमतीचं आहे. कारण बिचारी ते माझ्याच पत्रांतून शिकलीय. मधेच तिकडची टेकडी हिरवा शालू नेसते, नेत्र पाणावतात. टीचर असती तर चार मार्क. पण शेवटची ओळ कधी चुकत नाही. त्यांचा मोठा पाऊस आपल्या उन्हाळ्यात येतो. इथे मे महिन्यात आमच्या दारात टँकरची शिटी वाजते, बादल्या खडखडतात आणि त्याच सुमाराला तिचं पाकीट येतं. सरांचं तळं, अकरा पायऱ्या, उंची नऊ इंच, रुंदी चौदा, सर्वांत खालची अकरा. मी जगाला दिलेल्या आकड्यांतले तेवढेच दगडात उतरले आणि त्यासाठी मला पाण्यात पडावं लागलं होतं.

नात म्हणते, “आजी, कमाल करतेस. फोनवर फोटो मागव ना, दोन सेकंदांत येईल.” सुझीनेही विचारलं होतं, पाठवू का? मी नको म्हणाले. सात पावसाळे तिच्या आईने माझ्या शब्दावर पाणी पाहिलं. मला तेवढं तरी फेडू दे. सुझीने सांगावं आणि मी मानावं.

यंदा तिने लिहिलंय, ‘आठवी बुडाली.’ मी चष्मा लावला, लाल पेन शोधलं आणि समासात लिहिलं, ‘पूर्ण, की कड दिसते?’

पाकीट त्याच दिवशी टाकलं.